अंश सगळे सांगतात, छेद कुणी सांगत नाही

अंशछेद | सोमवार, रात्री १०:४०

गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'या आजाराचा धोका दुप्पट!!' खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. कशाच्या दुप्पट, किती जणांत, किती काळात, हे एकानेही विचारलं नाही. मी चार ओळी टाइप केल्या आणि खोडल्या. ग्रुपवर शहाणपणा केला की पुढचे दोन दिवस फोन घ्यावे लागतात. म्हणून वाफ इथे दवडतेय.

मी डॉक्टर नाही. रुग्णनोंदी आणि मृत्युनोंदी गोळा करायच्या आणि त्यांचे तक्ते करायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मोठ्या उत्साहाने एक तक्ता घेऊन साहेबांकडे गेले होते. अमक्या भागात मृत्यू सर्वात जास्त, तमक्या भागात सर्वात कमी, रंगबिंग भरलेले. त्यांनी चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "भागिले?" मला कळेना. "अहो, भागिले कशाने?" पहिल्या भागात माणसंच चौपट राहत होती. तक्ता गुंडाळून परत आले. त्याला एकोणीस वर्षं झाली, आता तोच शब्द मी इतरांना ऐकवते.

एपिडेमिऑलॉजीला आपण साथरोगशास्त्र म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. मधुमेह, अपघात, बाळंतपणातले मृत्यू, आत्महत्या हे सगळं त्यात येतं, साथ असो वा नसो. डॉक्टरसमोर एक माणूस असतो, इथे समोर अख्खी वस्ती असते. कुणाला होतंय, कुठे होतंय, कधी होतंय हे आधी नीट मोजायचं, म्हणजे 'का' विचारायला तोंड राहतं. लंडनमधला जॉन ग्राँट हा कापडाचा व्यापारी. दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या मृत्यूंच्या याद्या लोक चाळून टाकून द्यायचे, त्याने त्या जमवून बेरजा मारल्या आणि १६६२ मध्ये पुस्तक काढलं. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, हे त्याने याद्यांतूनच दाखवलं. आमच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणा.

आता दोन शब्द, ज्यांची बातम्यांत हमखास सरमिसळ होते: इन्सिडन्स आणि प्रिव्हॅलन्स. एखाद्या वाचनालयाची कल्पना करा. रोज २० पुस्तकं बाहेर जातात, तो झाला इन्सिडन्स, म्हणजे नवे रुग्ण. या क्षणी लोकांच्या घरी असलेली एकूण पुस्तकं म्हणजे प्रिव्हॅलन्स, सध्या आजारी असलेले सगळे. प्रत्येकजण १० दिवसांनी पुस्तक परत करत असेल तर बाहेर २०० असतील. उद्या लोक ३० दिवस ठेवायला लागले तर बाहेरची पुस्तकं ६०० होतील. रोजची देवघेव मात्र तीच, २०. वाचनाची आवड तिप्पट झाली असं कुणी म्हणालं तर ग्रंथपाल हसेल.

रोगांचंही असंच. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी टाइप-१ मधुमेह झालेली मुलं फार काळ जगत नसत. ती जगायला लागली आणि मधुमेहींची संख्या वाढू लागली, कारण यादीत आलेलं नाव आता लवकर खोडलं जात नव्हतं. रोग पूर्ण बरा न करता माणसाला जगवणारा उपचार निघाला की प्रिव्हॅलन्स वाढतो. उलटपक्षी, एखाद्या रोगाचे रुग्ण फार कमी दिसतात तेव्हा ते पटापट बरे होताहेत की पटापट मरताहेत, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

नव्या रुग्णांच्या दरात काळही मोजावा लागतो. १०० जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं तर १०० व्यक्ति-वर्षं झाली, ५० जणांवर दोन वर्षं ठेवलं तरी १००. मध्येच कुणी गाव सोडलं, कुणी वारलं, तर त्याचे तेवढेच महिने धरायचे. हिशेब किचकट आहे, पण ज्याच्यावर नजरच नव्हती त्याला 'निरोगी' म्हणून मोजायचं पाप टळतं.

जाता जाता एक कोडं. वस्ती क आणि वस्ती ख, दोन्हींत १०,००० माणसं. क मध्ये वर्षाला ९६ मृत्यू, ख मध्ये १८६. तरी मी म्हणते, राहायला ख जास्त सुरक्षित. कसं?

ओसरी | सोमवार, रात्री ११:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). वाचनालयाचं उदाहरण झकास. कोड्याचं उत्तर लगेच देऊ नका, सकाळी चहाबरोबर डोकं लावतो.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:१२

ताई, लेख छान, पण मूळ प्रश्न राहतोच. आकडे हवे तसे वाकवता येतात. तुम्ही छेद बदला, आकडा बदलेल. मग छेद कुठला धरायचा हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात तक्ता तोच ना?

अंशछेद | मंगळवार, सकाळी ९:३०

शंकासुर, नेमकं बोललात, आणि याचा मला रागही नाही. छेदात कोण बसावं याचा एकच नियम मी पाळते: ज्याला ती गोष्ट होऊ शकते तोच छेदात. गर्भाशयाच्या कर्करोगाच्या दरात पुरुष धरले तर दर आपोआप निम्म्यावर येतो आणि कुणाचंच भलं होत नाही. ज्यांचं गर्भाशय काढलंय त्यांनाही खरं तर वगळायला हवं. बऱ्याच तक्त्यांत वगळलेलं नसतं.

कधीकधी योग्य छेद मिळतच नाही, मग जवळचा चालवून घेतात. माता मृत्यूचं प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे देतात. खरं म्हणजे छेदात गरोदर राहिलेल्या सगळ्या बायका हव्यात, पण त्यांची नोंद कुठे असते? जन्माची असते. ही तडजोड आहे आणि ती उघड सांगितलेली आहे. वाकवणं आणि तडजोड यांत फरक एवढाच, की तडजोडीत वापरलेला छेद शेजारी लिहिलेला असतो.

गणित_बिणित | मंगळवार, सकाळी १०:१५

कोडं सुटलं असं वाटतंय. वय! ख मध्ये म्हातारी माणसं जास्त असणार. समजा क मध्ये ८,००० तरुण आणि २,००० वृद्ध. तरुणांत हजारी २ मृत्यू म्हणजे १६, वृद्धांत हजारी ४० म्हणजे ८०. एकूण ९६. ख मध्ये ४,००० तरुण, हजारी दीड, म्हणजे ६. वृद्ध ६,०००, हजारी ३०, म्हणजे १८०. एकूण १८६. दोन्ही वयोगटांत ख सरस, आणि बेरजेत मात्र ख जवळजवळ दुप्पट वाईट!

अंशछेद | मंगळवार, सकाळी १०:४०

दंडवत! माझ्या वहीतलेच आकडे काढलेत की. आता पुढची पायरी: दोन्ही वस्त्यांना एकच साचा लावा, ६,००० तरुण आणि ४,००० वृद्ध. क चे होतात १२ आणि १६०, म्हणजे १७२. ख चे ९ आणि १२०, म्हणजे १२९. यालाच वयानुसार प्रमाणित दर म्हणतात. जपानचा ढोबळ मृत्युदर कतारच्या कितीतरी पट आहे, तो यामुळेच. कतारमध्ये कामासाठी आलेल्या तरुणांची गर्दी आहे, जपानमध्ये आजीआजोबांची. जपानी माणूस अल्पायुषी असतो असं त्यावरून म्हणणार का?

प्रमाणित दर हा मात्र प्रत्यक्षात कुठेच नसलेला आकडा असतो. तुलनेपुरता वापरायचा. दवाखान्यात खाटा किती लागतील हे ठरवायला ढोबळ दरच हवा, कारण मरणारी माणसं साच्यातली नसतात.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५०

मी डॉक्टर, वॉर्डातून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. धागा आवडला, तरी एक सल बोलून दाखवतो. माझ्यासमोरच्या बाईला मी 'शंभरात आठ जणींना होतं' असं सांगतो तेव्हा ती विचारते, 'डॉक्टर, मला होणार का?' तिला आठ टक्के होत नाही. तिला एकतर होतं किंवा होत नाही. तुमचं शास्त्र वस्तीचं उत्तर देतं आणि आमच्याकडे माणूस एकटा येतो.

अंशछेद | बुधवार, सकाळी ८:०५

डॉक्टर, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आमचे आकडे एका माणसाचं भविष्य सांगत नाहीत, ते त्याच्यासारख्या हजारांचं सांगतात.

पण दुसरी बाजूही बघा. ब्रिटिश डॉक्टर जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये एक फार साधी आणि अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली: थोडा धोका असलेली पुष्कळ माणसं मिळून जेवढे रुग्ण देतात, तेवढे खूप धोका असलेली मोजकी माणसं देत नाहीत. समजा ५०० जणांना १० टक्के धोका आहे, म्हणजे ५० रुग्ण. ९,५०० जणांना १ टक्का, म्हणजे ९५ रुग्ण. तुमच्या वॉर्डातले बहुसंख्य रुग्ण 'धोका कमी' असं सांगून घरी पाठवलेल्यांतूनच येणार. 'मला तर काहीच त्रास नव्हता हो' हे तुम्ही रोज ऐकत असाल. एकेक माणूस निवडून वाचवायला गेलं तर ही ९,५०० माणसं कुणाच्याच यादीत येत नाहीत.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:२०

रोज ऐकतो. आता कारण कळलं. (तरी त्या बाईला काय सांगू ते राहिलंच.)

शंकासुर | बुधवार, संध्याकाळी ६:००

मोजणं समजलं. पण 'यामुळे हे होतं' असं छातीठोक कसं सांगता? माझे आजोबा रोज दोन पाकिटं सिगारेट ओढायचे, ९१ व्या वर्षी झोपेत गेले. घ्या!

अंशछेद | बुधवार, रात्री ९:४५

आजोबांना नमस्कार. ते अंशात आहेत, आता छेद बघू. १९५० मध्ये ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले आणि तेवढेच दुसऱ्या आजारांचे पुरुष रुग्ण शेजारी ठेवले. कर्करोगवाल्यांत कधीच धूम्रपान न केलेले निघाले २. दुसऱ्या गटात २७. हा झाला केस-कंट्रोल अभ्यास. आजारी माणसापासून सुरुवात करून मागे वळून बघायचं. (म्हणजे ओढणारे कर्करोगवाल्यांत ६४७, दुसऱ्या गटात ६२२. आता ६४७ गुणिले २७ ला ६२२ गुणिले २ ने भागा. उत्तर १४ च्या आसपास येतं. याला ऑड्स रेशो म्हणतात, ओढणाऱ्यांत धोका साधारण किती पट ते सांगणारा आकडा.)

यात एक मेख आहे. आजारी माणूस आठवून आठवून सांगतो, निरोगी माणूस उडवून लावतो. म्हणून १९५१ मध्ये या दोघांनी उलट्या टोकाने सुरुवात केली: हजारो ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या सवयी आधीच विचारून ठेवल्या आणि मग कोण कशाने जातं याची वाट बघत बसले. हा कोहॉर्ट अभ्यास. वाट बघायची म्हणजे किती? तो अभ्यास ५० वर्षं चालला. वेगळ्या टोकांनी निघालेले दोन रस्ते एकाच दारी आले, तेव्हा दार बहुधा खरं असतं.

आणि तुमच्यासारखे शंकासुर तेव्हाही होते. संख्याशास्त्रातला केवढा मोठा माणूस रोनाल्ड फिशर, तो म्हणायचा की सिगारेटची ओढ आणि कर्करोग, दोन्ही एकाच आनुवंशिक कारणाची फळं असू शकतात. स्वतः पाइप ओढायचा, हे अवांतर. आक्षेप तर्काला धरून होता. पण नुसत्या छुप्या कारणाने एवढा मोठा फरक पडायचा तर ते कारणही तेवढंच जबरदस्त हवं, आणि तसं कुणाला सापडलं नाही. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांचा धोका हळूहळू उतरत गेला. जनुकं काही पाकिटाबरोबर फेकून देता येत नाहीत.

ओसरी | बुधवार, रात्री १०:१०

पाइपवाल्याचा किस्सा आवडेश. त्या कॉलऱ्याच्या पंपाची गोष्टही यातलीच ना? डॉक्टरने पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली.

जुनीपाने | गुरुवार, सकाळी ७:३०

ओसरी, ती गोष्ट सगळे अशीच सांगतात आणि मला दरवेळी मध्ये तोंड घालावं लागतं. लंडनमधल्या त्या पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरत होता. दांडा निघाला ८ सप्टेंबर १८५४ ला, पण तोवर साथ ओसरायलाच लागली होती. घाबरून बरीचशी वस्ती पळून गेली होती. त्या डॉक्टरने, म्हणजे जॉन स्नोने, स्वतःही हे मान्य केलंय. दांडा हा त्या कामाचा सर्वात नाट्यमय आणि सर्वात कमकुवत भाग आहे.

त्याच भागातला भक्कम पुरावा म्हणजे न मेलेली माणसं. पंपाजवळच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये ५३५ जण राहत, मेले फक्त ५. त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातल्या कामगारांना जवळजवळ काहीच झालं नाही, ते बिअर पीत, शिवाय त्यांचीही विहीर वेगळी. आणि उलट बाजूला, लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती रोज बाटली मागवून घ्यायची.

पण अंशछेद ताईंच्या मनात बसेल ते दुसरंच काम. दक्षिण लंडनच्या अनेक रस्त्यांवर दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. साउथवर्क-वॉक्सहॉल कंपनी शहरातल्या घाण थेम्समधून पाणी उचलायची. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला नेला होता. एका घरात हे पाणी, शेजारच्यात ते. १८५४ च्या साथीचे पहिले सात आठवडे: पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

अंशछेद | गुरुवार, सकाळी ९:१०

जुनीपाने, सकाळ सार्थकी लागली. बघा मंडळी, '१,२६३ विरुद्ध ९८' हे वाचून तेरा पट वाटतं. घरं मोजली की साडेआठ पट. छेदाने फरक कमी केला आणि खात्री वाढवली.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ११:२५

थांबा थांबा. घाण पाणी घेणारे गरीब असतील. दाटीवाटीने राहत असतील. पाण्याचाच दोष कशावरून?

जुनीपाने | गुरुवार, दुपारी १२:४०

अगदी हाच प्रश्न स्नोला पडला होता, म्हणून तर त्याने ही जागा निवडली! श्रीमंत-गरीब, मोठं घर-लहान घर, दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांत सारखेच मिसळलेले होते. फरक राहिला तो फक्त पाण्याचा. कितीतरी भाडेकरूंना आपल्याला कोण पाणी देतं हेच माहीत नव्हतं, बिल घरमालक भरायचा. मग स्नो घरोघरी पाण्याचे नमुने घ्यायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा. पहिल्या कंपनीच्या पाण्यात मीठ सुमारे ४० पट जास्त होतं, पांढरा साका भरपूर धरायचा. बूट झिजवून केलेलं संशोधन.

जंतूचं नाव त्याला ठाऊकही नव्हतं, बरं का. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू जगापुढे ठेवला तो १८८० च्या दशकात. स्नो १८५८ मध्येच वारला.

अंशछेद | गुरुवार, रात्री ९:००

शंकासुरांच्या प्रश्नाला आमच्यात कन्फाउंडिंग म्हणतात. मराठीत मी 'घुसखोर कारण' म्हणते. दोन गोष्टींच्या मध्ये तिसरी लपून बसते आणि श्रेय किंवा दोष भलत्यालाच मिळतो.

याने भल्याभल्यांची फजिती झालीय. पाळी गेल्यावर हार्मोन्सच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं कित्येक निरीक्षण-अभ्यासांतून दिसत होतं. डॉक्टर त्या विश्वासाने लिहूनही देत. मग अमेरिकेत हजारो बायकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली मोठी चाचणी झाली. २००२ मध्ये तिचा एक भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या एकत्रित गोळ्यांनी हृदयाचं रक्षण होत नव्हतंच, वर स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढत होते. आधीच्या अभ्यासांतल्या गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या, हे त्यामागचं एक कारण. चिठ्ठी टाकली की घुसखोर दोन्ही गटांत सारखा वाटला जातो. अगदी ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही तोसुद्धा.

मीही यात पडलेय. एकदा दवाखान्यांच्या मृत्यूंचे दर काढले, या वेळी छेद लावून, आणि यादीत सर्वात वाईट आला तो दवाखाना बाकी सगळ्यांनी हात टेकल्यावर रुग्ण जिथे पाठवले जातात तोच. छेद बरोबर असून भागत नाही. छेदात कोण बसलंय तेही बघावं लागतं.

मृण्मयी_क | शुक्रवार, सकाळी ६:५०

नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय. आईची एक तपासणी केली होती, सहज, कुणीतरी सुचवलं म्हणून. पॉझिटिव्ह आलीय. पुढची तपासणी बारा दिवसांनी. रिपोर्टसोबतच्या माहितीत लिहिलंय की चाचणी रोग असलेल्या शंभरातल्या ९० जणांना पकडते आणि रोग नसलेल्या ९५ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगते. म्हणजे ९० टक्के शक्यता आहे असंच ना? दोन रात्री झोपलेले नाही.

अंशछेद | शुक्रवार, सकाळी ७:२०

मृण्मयी, नाही. ते ९० वेगळं आहे. रोग असेल तर चाचणी पॉझिटिव्ह यायची शक्यता ९०. तुला हवंय ते उलटं: चाचणी पॉझिटिव्ह आली तर रोग असायची शक्यता.

समज, काहीही लक्षणं नसलेल्या १०,००० जणांत हा रोग शंभरी एकाला आहे. म्हणजे १०० आजारी, ९,९०० निरोगी. आजाऱ्यांतले ९० पॉझिटिव्ह येतील. निरोग्यांतले पाच टक्के चुकून पॉझिटिव्ह येतील, म्हणजे ४९५. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यात खरे आजारी ९०. शंभरी १५. पॉझिटिव्ह आलेल्या साडेसहा जणांत एक.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ७:५५

गणित बरोबर, पण मला एक पाचर मारू द्या. शंभरी एक हा आकडा ताईंनी उदाहरणापुरता धरलाय. आईंना काही त्रास होता का? घरात कुणाला हा आजार होता का? लक्षणं असलेल्या, शंभरात ३० जणांना रोग असलेल्या गटातून त्या आल्या असतील तर हीच चाचणी, हेच आकडे, आणि उत्तर येतं शंभरी ८८. चाचणी तीच. माणूस कुठल्या रांगेतून आला त्यावर तिचा अर्थ बदलतो.

आणि हो, पुढची तपासणी चुकवायची नाही. १५ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

मृण्मयी_क | शुक्रवार, सकाळी ८:३०

त्रास काहीच नाही. घरातही कुणाला नाही. तपासणी चुकवणार नाही डॉक्टर. आज ऑफिसला जाईन म्हणते.

गणित_बिणित | शुक्रवार, दुपारी ३:००

अवांतर कीस काढतो, रागावू नका. 'रुग्णमृत्युदर' हा मुळात दर नाहीच, त्यात काळ नाही. ते नुसतं प्रमाण आहे, निदान झालेल्यांतले किती गेले एवढंच.

अंशछेद | शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

कीस योग्य. त्यातला 'निदान झालेल्यांतले' हा शब्द आणखी जोरात म्हणा. २०२० मध्ये कोविडच्या साथीत डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ जण अडकले, आणि ते जहाजातच बंद असल्यामुळे जवळपास सगळ्यांची तपासणी झाली. ७१२ बाधित निघाले, त्यातले निम्म्याच्या आसपास तपासणीवेळी लक्षणांशिवाय होते. जमिनीवर असते तर हे लोक कुणी मोजलेच नसते, छेद आक्रसला असता आणि रोग आहे त्याहून भयंकर दिसला असता. साथ भरात असताना उलटी चूकही होते: आज मोजलेल्यांतले काहीजण पुढच्या आठवड्यात जाणार असतात, ते अंशात अजून आलेले नसतात.

व्याख्या बदलली तरी आकडे उडतात. अमेरिकेत १९९३ मध्ये एड्सची व्याख्या रुंदावली आणि त्या वर्षीचा आलेख एकदम उंच गेला. विषाणूने काही वेगळं केलं नव्हतं.

रात्रपाळी | शनिवार, पहाटे ४:१०

झोप येत नाही म्हणून माझीही एक भर. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं होतं. मृत्यू? जवळपास तेवढेच. एवढ्या गाठी शोधल्या, गळे कापले, लोकांना जन्मभर गोळ्या लावल्या, आणि मरणाऱ्यांची संख्या हललीच नाही. त्यातल्या पुष्कळ गाठींनी कधी कुणाला त्रास दिला नसता.

आणि 'निदानानंतर पाच वर्षं जगणारे वाढले' हेही जपून वाचा. माणूस ७० व्या वर्षीच जाणार असेल, तर निदान ६८ ऐवजी ६३ व्या वर्षी झालं की तो 'पाच वर्षं जगलेल्यां'त मोजला जातो. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नसतं, वाढलेली असतात ती काळजीची वर्षं. मला तरुणपणी हे कुणी शिकवलं असतं तर काही तपासण्या मी लिहून दिल्या नसत्या.

ओसरी | शनिवार, सकाळी ९:००

डॉक्टर, झोपा आता. __/\__

ताई, फॉरवर्डमधल्या 'दुप्पट'चं राहिलं की.

अंशछेद | शनिवार, सकाळी ११:३०

हो, धागा त्यावरूनच काढला आणि तेच विसरले.

ऑक्टोबर १९९५, ब्रिटन. औषध-सुरक्षेच्या समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. खरंच होतं ते. ७,००० बायकांत एकीला व्हायचं ते ७,००० त दोघींना. पण बातमीत आलं 'दुप्पट' आणि बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्त गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो.

पट सांगितले की मूळ आकडा विचारायचा. सापेक्ष धोका, म्हणजे 'किती पट', कारण शोधायला कामाचा, सिगारेटच्या बाबतीत तोच लागला. गोळी घ्यायची की नाही हे ठरवायला फरक लागतो: इथे ७,००० त एक.

शंकासुर | शनिवार, दुपारी १:१५

मानलं. मी आजच माझ्या ग्रुपवर हा प्रयोग करतो.

मृण्मयी_क | बुधवार, संध्याकाळी ५:४०

आईची दुसरी तपासणी झाली. निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी एकदा बघू. सगळ्यांचे आभार. त्या शुक्रवारी वहीत १०,००० चौकोन काढता येतील का बघत होते, शंभरावर कंटाळले, पण हात थरथरायचा थांबला.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:३०

आईंना नमस्कार सांगा. शंभर चौकोनांची ती वही जपून ठेवा. माझ्या त्या आठ टक्केवाल्या बाईला पुढच्या वेळी मी आकडा सांगणार नाही, चौकोन काढून दाखवणार आहे.

शंकासुर | बुधवार, रात्री ११:००

प्रयोगाचा निकाल. ग्रुपवर 'धोका तिप्पट' असा नवा फॉरवर्ड आला. मी फक्त 'भागिले?' एवढंच लिहिलं. मला ग्रुपमधून काढून टाकलं. सभासद ४३, काढलेला १. म्हणजे २.३ टक्के.

अंशछेद | बुधवार, रात्री ११:०४

किती दिवसांत?